चित्रवाचनाचा तास

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. ताईचं बाळ बसायला लागलं का?

दुसरीच्या वर्गाला सध्या गोष्टींचे प्रकार शिकवतेय. चित्र नीट वाचायचं आणि ठरवायचं, गोष्ट विनोदी, साहसाची की दुःखाची. काल चित्रांचे तक्ते सापडेनात, म्हणून तू पाठवलेला तुम्हा दोघांचा फोटोच फळ्यावर लावला. बाबांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली बघून पोरं खिदळली. "विनोदी, बाई!"

एक चिमुरडी मात्र हसेना. जवळ येऊन बघत म्हणाली, "बाई, आजीनं आजोबांचा उजवा हात धरलेला नाही. उचलून आपल्या मांडीवर ठेवलाय."

मी घाईघाईनं फोटो काढला आणि वर्गाला पाढे म्हणायला लावले.

आई, फोटोमागे तू 'बाबा ठणठणीत' असं लिहिलंयस. इंजेक्शन दुखत नाही, असंही तूच सांगायचीस. आणि त्या पोरीचं वाचन वर्गात सगळ्यात चांगलं आहे गं.

उलट टपाली दोनच ओळी पाठव. खाली सही बाबांची हवी. उजव्या हातानं केलेली.

वाट बघणारी,
तुझी धाकटी