पिवळी दुलई

प्रिय भिंगरी,

तू धड आहेस, हातपाय जागच्या जागी आहेत, नाकावर नुसतं खरचटलंय, या आनंदात मी आठ दिवस घरभर नाचतेय. गुडघे नको म्हणतात, पण त्यांना विचारतंय कोण. वसतिगृहातून फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणून ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. माझी शाळा चौथीत सुटली, जोडाक्षरं अडखळतील, तू सावकाश वाच. परवा चष्म्याची काडी मोडली, ती तुझ्या बापाने दोऱ्याने बांधून दिली. एवढी मोठी बस चालवणारा माणूस, पण सुईत दोरा ओवताना त्याला घाम फुटला.

त्या सकाळी तू पहिल्यांदा एकटी विमान घेऊन उडणार होतीस. मला कसला धीर. तीनदा चहा टाकला, तिन्ही वेळा उतू गेला. मग बोचकं काखेत मारून चार गल्ल्या पलीकडच्या शिंपीणबाईंच्या तीन मजली घराच्या गच्चीवर गेले. तिथून तुझ्या विमानाच्या शाळेच्या मागे धावपट्टीचं टोक दिसतं. शिंपीणबाई म्हणाल्या, आजी, कठड्याला एवढं रेलू नका, नात उतरायच्या आधी तुम्ही उतराल. बाईची जीभ कात्रीपेक्षा धारेची. तुझं विमान माशीएवढं दिसलं, वळलं, तशा मी टाळ्या वाजवल्या. अगं, खरंच वाजवल्या.

मग ते जमिनीला लागलं आणि चेंडूसारखं वर उडालं. पुन्हा आपटलं, नाक खाली घातलं आणि धुळीत दिसेनासं झालं. आवाज मागाहून आला. मी मटकन खाली बसले. तुला हाक मारायला तोंड उघडलं तर तुझं नावच आठवेना. ज्या पोरीला मी सहा वर्षं न्हाऊ घातलं, तिचं नाव. शिंपीणबाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि एकही टोमणा मारला नाही, तेव्हा तर मी जास्तच घाबरले. अजूनही वर घरघर झाली की हातातलं टाकून भिंत धरते. शेजारी मिक्सर लागला तरी दचकते.

परवा तुझे सर घरी आले होते. उंच, सडपातळ माणूस, खुर्चीच्या कडेवर बसला. माझ्या अडाणी डोक्यात शिरेल असं त्याने सांगितलं, की विमान वळायच्या जागेच्या बरंच आधी वळलं. दहा पायऱ्यांनी उतरायचं ते चार पायऱ्यांत उतरावं लागलं, म्हणून ते जोरात आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंख्याची पाती वाकली. तुझा बाप म्हणाला, बरंच झालं, आता तरी नाद सुटेल.  सर म्हणाले, “चाक बदलता येतं हो. पण लवकर का वळली, ते ती सांगतच नाही. जिला आपली चूक सांगता येत नाही, तिला मी एकटीला वर कसं सोडू?” शुक्रवारपर्यंत वाट बघणार म्हणाले, मग तुझं नाव कमी करणार. 

पोरी, तू का सांगत नाहीस ते मला ठाऊक आहे. घरांकडे बघून वळायचं नाही, धावपट्टीकडे बघायचं, हे सर सांगून दमले आणि तू हसत मला सांगितलंस, की आजी, आपल्या गच्चीवर तुझी पिवळी दुलई दिसली की मी वळते. मी तर फुशारून गेले. रोज वाळत घालायचे, ओली असो नसो. त्या दिवशी माझ्या मनात आलं, आज पोर एकटी आहे, तिला आणखी छान दिसू दे. बोचक्यात दुलईच होती. शिंपीणबाईंचं घर तुझ्या वाटेत आपल्या घराच्या आधी लागतं, तिथल्या कठड्यावर मीच पसरली, तुला न सांगता. दवाखान्यातून तू फोनवर विचारलंस, दुलई कुठे होती गं? मी सांगितलं. तू गप्प झालीस, ती अजून गप्पच आहेस. आजीला कोणी बोल लावू नये म्हणून पोर स्वतःचे पंख छाटून घेतेय. मला नको ते. सरांसमोर माझीही जीभ उचलली नाही, तुझा बाप बसला होता ना. काल रात्री त्याला सगळं सांगितलं. तो माझा मोडका चष्मा घेऊन दोरा बांधायला बसला. आता तू सरांना सांग. दुलईचं सांग, माझं सांग, आणि दुलईकडे बघून वळलीस ही तुझी चूकही सांग. रागावतील, रागावू देत. दुलई मी पेटीत तळाशी घातलीय. तू पुन्हा उडशील तेव्हा मी गच्चीवर रिकाम्या हाताने उभी राहीन. भीती वाटेल, फार वाटेल, पण मी कठडा धरीन. तू माझ्याकडे बघू नकोस.

तुझीच,
खाली उभी असलेली आजी