दहावा अभ्यास

मी, रमा शरच्चंद्र चिंचाळकर, वय ६८ वर्षे, संगणकशास्त्राची सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार तेलीबांधा, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. स्मरणशक्ती नको इतकी चांगली आहे.

१. तलावाकडे तोंड असलेली सदनिका आणि बँकेतील ठेवी माझा मुलगा यशोधन याला मिळाव्यात. बाल्कनीतली मधुमालती त्याने काढू नये.

२. माझी नणंद शर्मिष्ठा हिने १९८९ साली चार दिवसांसाठी नेलेले पुरणयंत्र तिच्याकडेच राहू द्यावे. ते माझे होते, एवढी नोंद मात्र असावी.

३. यजमानांचा जुना कीबोर्ड यशोधनने जपावा, भंगारात देऊ नये. त्यांच्या रेल्वे कार्यालयात पहिला संगणक आला, तेव्हा सुटीच्या दिवशी आम्ही दोघे त्याच्यासमोर बसायचो. ते टाइप करीत, मी चुका दाखवी. "अहो, कंस राहिला." "राहू दे, तू आहेस ना." जोडीने काम केले की चुका कमी होतात, हे माझ्या मनात तेव्हा बसले ते बसलेच.

४. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. यजमान गेल्यानंतर तीन वर्षांनी, २०१२ साली, मी एक काम हाती घेतले. दोन प्रोग्रामर एकाच संगणकावर बसले तर चुका कमी होतात का, यावर झालेले सगळे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढायचा होता. अशा कामात नियम आधी ठरवतात. मग दोन वाचक प्रत्येक अभ्यास वेगवेगळा तपासतात, आणि नियमात बसतील तेवढे सगळे धरावेच लागतात. निकाल पाहून कोणाला आवडनिवड करता येऊ नये, म्हणून ही पद्धत.

दहा अभ्यास नियमात बसले; त्यांत एक माझा स्वतःचा होता. दहावा माझी विद्यार्थिनी पूर्णिमा बोरकुटे हिचा होता. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या चोवीस जणांमध्ये तिने दोन महिने तिथल्या धुळीत राबून तो केला होता. तिला आढळले, जोडीने बसूनही चुका तेवढ्याच आणि वेळ जवळजवळ दुप्पट. मी आधी निकाल वाचला आणि मग तपासणीपत्रावर लिहिले, "गुणवत्ता अपुरी, वगळावा."

दुसरे वाचक सुशील यांनी "घ्यावा" असे लिहिले होते. ते माझ्या हाताखाली होते, त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हटले, "पुन्हा एकदा बघा." त्यांनी बघितले नाही, नुसते खोडले.

पूर्णिमा माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझा काहून काढला? नियमात तर बसते."

"चोवीसच माणसं आहेत गं."

"तुमच्या स्वतःच्या अभ्यासात तर अठराच हायेत. तो कसा चालते?"

मी म्हटले, "वाद घालू नकोस." तिच्या प्रश्नाला मी आजवर दिलेले उत्तर एवढेच.

नऊ अभ्यासांवरून "फायदा स्पष्ट आहे" असा माझा लेख संशोधन नियतकालिकात छापून आला; दहावा का वगळला तेही त्यात होते. त्यावर विसंबून कितीतरी ठिकाणी माणसांना जोडीने बसवले गेले. दहावा धरला तर तो फायदा इतका लहान होतो की निव्वळ योगायोगही असू शकेल. पूर्णिमाच्या परीक्षकांनी "गुणवत्ता अपुरी" हे माझे छापील शब्द वाचून तिचा प्रबंध परत पाठवला. तिने संशोधन सोडले. आज ती अभनपूरला संगणकाचे वर्ग चालवते.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, चूक कबूल करताना "पण" म्हणायचे नाही. मला यजमानांची फार आठवण येत होती, हे लिहायचा मोह होतो आहे. लिहिले तरी ते कारण धरू नये.

५. दोन्ही तपासणीपत्रे पूर्णिमाला द्यावीत, म्हणजे माझ्या मागे ती खरे काय ते प्रसिद्ध करू शकेल, असे या कलमात आधी लिहिले होते. गेल्या आठवड्यात ते तिला फोनवर वाचून दाखवले.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर मी सांगत फिरू? लोक म्हणतील, पाहा, मेलेल्या बाईवर आळ घेऊन राहिली. तुम्ही जिवंत आहा ना अजून?"

"आहे."

"मग तुम्हीच सांगा ना."

यशोधन म्हणाला, "मम्मी, छोड़ो ना, तेरह साल हो गए." त्याला वाटते माझी बदनामी होईल. ती व्हावी.

म्हणून ते कलम मी रद्द करीत आहे. काल नियतकालिकाच्या संपादकांना आणि विद्यापीठाला दोन्ही तपासणीपत्रांच्या प्रती, दहाही अभ्यासांचा नवा हिशेब आणि माझा लेख मागे घेण्याची विनंती पाठवली. सुशील यांच्यावर दबाव मी आणला, हेही लिहिले. जे ऐकून घ्यायचे ते आता मीच ऐकेन.

त्यामुळे या मृत्युपत्रात पूर्णिमासाठी काहीही उरलेले नाही. वकील गौतमभैया म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; आता तिला होता येईल. मी विचारले. ती बसने आली, सगळी पाने वाचली, चहा घेतला नाही.

ठिकाण : रायपूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५
सही : रमा श. चिंचाळकर

साक्षीदार १ : डॉ. निधी कान्हेरे, शेजारी, तेलीबांधा

साक्षीदार २ : पूर्णिमा बोरकुटे, अभनपूर. मॅडमनी सही केली, ती मी पाहिली. माफ केलं, असं यात कोणी वाचू नये.