जाळीपलीकडे मारलेले फूल

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
मुक्काम अलिबाग.

विषय : बॅडमिंटनच्या सामन्यात 'फॉल्ट' दिल्यावरून योजलेली माझी बदली येत्या रविवारपूर्वी अमलात आणण्याबाबत.
संदर्भ : रावसाहेब खारकर यांचा, तारीख न घातलेला हुकूम.

महोदय,

अर्जदार हा रावसाहेब दिनानाथ खारकर यांच्या हाताखाली कारकून आहे. हकिगत पुढीलप्रमाणे.

१. कचेरीमागच्या अंगणात रावसाहेबांनी बॅडमिंटनचे कोर्ट आखून घेतले आहे. गेल्या रविवारी तेथे त्यांचा व त्यांच्या पत्नी सौ. कमळाबाई यांचा सामना झाला. खेळाच्या नियमांचे पुस्तक वाचलेला मी एकटाच निघाल्याने मला पंच नेमून उंच स्टुलावर बसवण्यात आले.

२. सामना अगदी बरोबरीत असता बाईसाहेबांनी पिसांचे फूल जाळीच्या कडेला हलकेच उचलले. नियम असा की, फूल आपल्या बाजूस मारल्यावर हात ओघाने जाळीपलीकडे गेला तर दोष नाही. परंतु फूल पलीकडे असतानाच मारले तर फॉल्ट. रावसाहेबांनी ते पलीकडेच गाठले. मी "फॉल्ट" म्हणालो. रावसाहेबांनी विचारले, "कोणाचा?" मी म्हणालो, "आपला, साहेब." टाळ्या फक्त बाईसाहेबांनी वाजवल्या.

३. सोमवारी माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. मी डोळ्यांनी पाहिले असे लिहिले. त्यावर शेरा आला की, डोळे हा दफ्तरी पुरावा नव्हे.

४. सबब मंगळवारी जागेवर पंचनामा झाला. रावसाहेब रॅकेट उगारून उभे राहिले व शिपाई रघू याने फूल त्या वेळी होते तेथे हाताने धरले. रावसाहेब म्हणाले, "जरा अलीकडे घे." रघूने घेतले. "अजून." रघूचा हात जाळी ओलांडून साहेबांच्या छातीशी आला, तेव्हा "हां, इथेच होते," असे नोंदवण्यात आले. बाईसाहेब म्हणाल्या, "फूल माझ्या बाजूला होते. ह्यांचा हात जेवतानाही माझ्या ताटात येतो." हे वाक्य पंचनाम्यात घेतलेले नाही.

५. आता रावसाहेबांनी ठरवले आहे की, येत्या रविवारी सामना त्याच गुणापासून पुन्हा व्हावा आणि चूक सुधारण्याची संधी म्हणून पंच मीच असावे. माझी तळा या गावी बदली करण्याचा हुकूम त्यांनी टेबलावर ठेवला आहे. तारीख निकाल पाहून पडेल.

६. घरी मी गप्प बसण्याचा सराव केला. पत्नी राही हिने जाळीऐवजी धोतर बांधून त्यापलीकडे हात घालून कांदा उडवला. मी "फॉल्ट" म्हणालो. ती म्हणाली, "सायबाचा कांदा हाय, गप ऱ्हावा." पुन्हा उडवला, पुन्हा तेच तोंडून गेले. मग तिने मुकाट्याने भांडी पोत्यात भरली.

करिता विनंती की, सदर हुकुमावर शनिवारची तारीख घालण्यास रावसाहेबांना फर्मावावे. तळ्यास जाण्यास अर्जदार राजी आहे. रविवारी स्टुलावर बसून खोटे बोलणे त्यास जमणार नाही. हा अर्ज लिहीत असता सौ. कमळाबाईंनी आपल्याही बदलीचे दोन शब्द घालण्यास सांगितले. त्यांची बदली आपल्या अखत्यारीत येत नसल्याने मी तसे लिहिलेले नाही.

हुकुमाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
दयाराम भागोजी घरत
ता. १४ माहे फेब्रुवारी, सन १९३४

सोबत : नियमाच्या पानाची नक्कल.