ओवाळणीचं ताट

शिरूर, १४ नोव्हेंबर २००५

प्रिय म्हाळसा,

भाऊबीज करून तू वरवंडला गेलीस आन् घर सुनं सुनं झालं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आन् उरलेलं हसण्यावारी नेतेस. पत्र कसं, पुरतं वाचावंच लागतं. उजव्या हातानं लिहितोय बरं का, तुझ्याच कृपेनं.

दोन वर्षांपूर्वीची चंपाषष्ठी आठवती का? कांद्याची गोणी टेम्पोत चढवताना माझ्या खांद्यात कट्ट झालं होतं, वर हळदीचा लेप लावून मी फिरत होतो. तळी उचलायला पाच जण बसलो, येळकोट म्हणता म्हणता माझा हात वर जाईना. ताट कलंडलं आन् सगळा भंडारा आप्पांच्या मांडीवर. आप्पांचा चेहराच पडला. खंडोबा कोपला, सोपानकडून काहीतरी चुकलं, असं सगळी भावकी बोलायला लागली. मग काय, नवस झाले, अंगारे झाले. एका मालीशवाल्यानं हात असा ओढला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेवटी मलाही वाटायला लागलं, देवानं हात काढूनच घेतला. सदरा घालायला तुझी वहिनी लागायची. कांदाकाढणी तोंडावर, आन् मी बांधावर बसून.

तवा तू आलीस. आपल्यात लेकी बापापुढं मान वर करून बोलत न्हाईत, आन् तू भर भावकीत आप्पांना म्हणालीस, देवाला राग आला असंल तर त्या गोणीचा आला असंल, आधी खांद्याचा फोटो काढू, मग देवाला विचारू. बाई गं, काय ती हिंमत! आप्पा तंबाखू मळायचे थांबले. आन् तू मला पुण्याला नेलंसच.

पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात वर उचलणारी शीर हाडापासून फाटून सुटलीय. ऑपरेशन म्हणताच मी चपला शोधायला लागलो. तू जागची हलली न्हाईस. खांदा फाडणार का, म्हणून विचारलंस. न्हाई, म्हणाले, बारीक बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, दुसऱ्यातून हत्यार, आन् टीव्हीवर बघत शीर परत हाडाला टाचायची. म्हंजी गोधडीला आतून टाका, असं तू म्हणालीस तवा डॉक्टरसुद्धा हसले. आन् थांबलं तर, हेही तूच विचारलंस. तर म्हणाले, शीर मागं मागं सरकती, मग ओढून हाडापर्यंत पोचत न्हाई. हे एवढं एकच तू मला एसटीत शिरूर येईपर्यंत ऐकवत होतीस.

ऑपरेशननंतर दीड महिना हात झोळीत होता. मग भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. आप्पा विचारायचे, पाल झालास का रं? तू आलीस की भिंतीवर कोळशानं रेघ मारून जायचीस, पुढच्या खेपेला बोट इथवर पाहिजे म्हणून. त्या रेघा वहिनीनं अजून पुसू दिल्या न्हाईत. गेल्या चंपाषष्ठीला तळी डोक्याच्या वर गेली तवा आप्पा रडले, आन् पहिला भंडारा त्यांनी माझ्या न्हाई, तुझ्या कपाळाला लावला. मला लई बरं वाटलं होतं.

आता ऐक. यंदा ओवाळताना ताट माझ्या छातीच्या वर आलं न्हाई. उजवा हात नुसता ताटाला टेकवलेला, उचलत होता डावाच. म्हणून मी मान खाली घातली, आन् तू म्हणालीस, दादा आज लई वाकतोय! वेणीसुद्धा वहिनीकडून घालून घेतलीस, वर म्हणालीस माहेरचे लाड. मी दाजींना विचारलं. वैरणीचा भारा उतरवताना पडलीस, त्याला चार महिने झाले. म्हशींचं कोण बघंल म्हणून गप्प बसलीस. माझ्यासाठी आप्पांशी भांडलीस, आन् स्वतःच्या खांद्याला हळद लावून बसलीस व्हय गं? पुढच्या आठवड्यात मंगळवारी मी गाडी घेऊन येतोय, त्याच डॉक्टरांकडं नंबर लावलाय. ऑपरेशन लागंलच असं न्हाई, कुणाचा खांदा नुसता आखडलेला असतो, व्यायामानं सुटतो म्हणतात. पण बघू तर दे. म्हशींसाठी तुझी वहिनी येऊन राहील. आप्पांनी कोळसा आत्ताच काढून ठेवलाय. पुढच्या भाऊबीजेला मी मान ताठ ठेवून बसणार हाय. ताट तू वर आणायचंस.

तुझाच,
सोपानदादा