मावशींची मान

मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय. दिवाळे गावच्या मासेवाल्या मावशींच्या मेंदूचा एमआरआय चार वेळा घेतला आणि चारही वेळा मान हललेली. सॉफ्टवेअरने हालचाल दुरुस्त करून पाहिली, तरी चित्र पुसटच. दर वेळी मी माइकवरून बजावत होते, "मावशी, डोकं हलवायचं नाही, कळलं ना?" आणि लगेच मान हलायचीच. शेवटी त्या बाहेर आल्यावर चिडूनच विचारलं, मान का हलवता?

"आत बोलायचं नाय, असं तूच सांगितलंस. मंग तू 'कळलं ना' इचारलंस की मी मान हलवायची."

म्हणजे ती मान मीच हलवत होते. मशीनवर, सॉफ्टवेअरवर, मावशींवर उगाच करवादले. उद्या बाजार बुडवून त्या पुन्हा येणार आहेत. या वेळी गप्प मला राहायचंय.