जपानी डॉक्टरीणबाई आणि आपलं भांडण

बाबा, त्या जपानी डॉक्टरीणबाईंवरून आपण भांडलो, हे आज कुणाला सांगितलं तर हसतील. तुमची बोट जपानमध्ये दुरुस्तीला लागली होती, तेव्हा तिथल्या मासिकातला त्यांचा फोटो तुम्ही कापून आणलात आणि इथे परदेशात, तोआ पायोहच्या आपल्या फ्लॅटमध्ये, माझ्या टेबलावर चिकटवलात. मी शाळेत होते. "बघ, हृदयाची सर्जन! अंतराळात गेलेली जपानची पहिली बाई, आणि एकदा नाही, दोनदा!" भावाच्या पायाच्या दुखण्यापायी त्यांनी लहानपणीच डॉक्टर व्हायचं ठरवलं, हे तुम्हीच सांगायचात. निवड झाली आणि पुढच्याच वर्षी एक यान उडताना फुटलं, सगळंच लांबलं, तरी त्या वर्षानुवर्षं थांबून राहिल्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. तुम्हाला त्यांची डॉक्टरकी दिसायची, मला त्यांनी अंतराळासाठी सोडलेलं हॉस्पिटल.

दोन हजार तीन साली मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही सुट्टीवर आलात आणि मी जाहीर केलं, हे सोडून इंजिनियरिंगला जाणार, मला यानांचं काम करायचंय. त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, टीव्हीवर ती बातमी. परतताना यान फुटलं होतं, सातही जण गेले होते. त्यात आपल्या मायदेशी जन्मलेली एक मुलगी होती. डॉक्टरीणबाई त्या खेपेला जमिनीवर राहून त्यातले प्रयोग सांभाळत होत्या. तुम्ही स्वयंपाकघरात सुकट निवडत होतात. तशाच हातांनी आलात आणि माझ्या टेबलावरचा तो फोटो उपटून काढलात.

"बास झालं. डॉक्टरकी पुरी करायची."

"तुम्हीच लावला होता ना?"

"लावला. चुकलं माझं."

"अहो, हात तरी धुवा," आई म्हणाली.

"मग तुम्ही शिपवर का जाता? तिकडे काय सेफ असतं, लाह? आई रोज घाबरते." तुम्ही परत जाऊन सुकट निवडत बसलात.

बोटीच्या इंजिनरूममध्ये पाळी बदलताना येणारा "टेकन ओव्हर" म्हणत नाही तोवर जाणारा जागा सोडत नाही. तुम्ही घरातही तेच चालवलं होतंत. निघताना दारात उभं राहून गॅस, आईच्या गोळ्या, सगळं मला म्हणून दाखवायचं. मी "टेकन ओव्हर, लाह" म्हणायची, तुम्ही वाक्याच्या शेपटाला चिकटणाऱ्या त्या इथल्या लाहवरून रागवायचात आणि मगच लिफ्टकडे वळायचात. सुट्टी संपली त्या बुधवारी तुम्ही यादी म्हणालात आणि मी हाताची घडी घालून उभी राहिले. तुम्ही यादी पहिल्यापासून पुन्हा म्हणालात. "अगं, बोल की," आई म्हणाली. खाली टॅक्सी थांबली होती. "जाऊ दे," म्हणून तुम्ही निघालात. तिसऱ्या आठवड्यात, भर समुद्रात, इंजिनरूममध्येच तुमचं हृदय बंद पडलं.

डॉक्टरीणबाई त्यानंतरही काम करत राहिल्या. त्यांच्याबद्दल काही छापून आलं की मी वाचते आणि मला स्वतःची लाज वाटते. कारण त्या रविवारी, तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येण्याआधीच, टीव्हीसमोर माझे हातपाय गार पडले होते. आपण नाही जायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढचं सगळं भांडण फक्त हरायचं नाही म्हणून. मीही पोरगी तुमचीच. त्या दोन शब्दांनी तुम्ही निश्चिंत गेला असतात, बाबा.

आज मी हृदयाची डॉक्टर आहे. पोरीनं बापाच्या शब्दाखातर डॉक्टरकी पुरी केली, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी तिला सांगू देते.