कोपायलट अविवाहित पाहिजे

१३ जून ९३, रवि.
हे सकाळच्या यष्टीनं गेले. परभणीहून रेल्वेनं मुंबई. उद्या विमान कंपनीत रुजू.
विमानाचं लायसन काढून पाच वर्षं झाली. ती सगळी परभणीच्या क्लासमध्ये गणित शिकवण्यात गेली. सरकारी कंपनीत भरतीच नव्हती. आता स्वस्त तिकिटाच्या खाजगी कंपन्या निघाल्यात म्हणून ह्यांचा नंबर लागला. उंची, डोळे, कान, वय, इंग्रजी बोलणं, सगळ्यात पास. शेवटी साहेबानं विचारलं, लग्न झालंय का? शिकाऊ कोपायलट अविवाहितच पाहिजेत. बायको असली की रजा मागतात.
ह्यांनी "नाही" म्हणून सांगितलं.
मला कधी कळलं, तर मी भाकरी थापत असताना. "तीन वर्षाचा बॉन्ड हाय. तीनच वर्षं, कुंदा." मी हसले. काय करावं सुचलं नाही म्हणून हसले.

१५ जून
शाळा उघडली. दुसरीचा वर्ग माझ्याकडे. बरोबरच्या बाईंनी विचारलं, तुमचे साहेब कुठं? म्हणलं, मुंबईला, नोकरी लागली. कसली ते सांगितलं नाही. पालम केवढंसं, इथली गोष्ट तिथं जायला काय लागतं.

२७ जून, रवि.
शेखचाचांच्या एस्टीडीच्या दुकानात बसून होते. ह्यांनी रविवारी संध्याकाळी फोन करायचा असं ठरलंय. आला. मागं दोन-तीन पोरांचा आवाज, सगळे कंपनीच्या फ्लॅटवर राहतात. म्हणले, "हां ताई, बोल. कशी हायस?"
मला आधी वाटलं नंबर चुकला.
मग कळलं. मीही म्हणलं, बरी आहे. पुढं काय बोलायचं? भावाशी काय बोलतात? आईची तब्येत सांगितली, ठेवला.
चाचा म्हणाले, "भाई का फोन था बेटा?" चाचांना सगळं ऐकू जातं. हो म्हणलं.

८ ऑगस्ट
उडायला लागले. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजवीकडे हे. रस्त्यावरच्या बूथवरून बोलत होते म्हणून नीट बोलता आलं. पहाटे अंधारात गाडी न्यायला येती, दिवसभर चढउतार, चढउतार. मधल्या थांब्यात सामान चढलं का, खाणं आलं का, तेही ह्यांनीच बघायचं, माणसं कमी ठेवलीत. पण आवाज! किती दिवसांनी असा आवाज ऐकला. "ढगाच्या वर आलो की लय ऊन पडतंय कुंदा, डोळे दिपतात." मला बरं वाटलं. आणि घरी आल्यावर खोली लय मोठी वाटली.

२२ ऑग.
पेडगावला जाऊन आले. सासूबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांना अटीचं माहीत आहे, ह्यांनीच सांगितलं. माझ्या गळ्याकडं बघून म्हणल्या, "त्याच्या सायबाला तू कुठं दिसायलीस? घालून बस मंगळसूत्र." मी काढलेलंच नव्हतं. तरी त्यांना असं का वाटलं असेल.

३० सप्टें., गुरु.
पहाटे जमीन हालली. भांडी पडली, मी तशीच बाहेर. सगळी गल्ली रस्त्यावर. बाया नवऱ्याला, नवरे लेकरांना हाका मारायले. मी नुसती उभी. शेजारच्या काकूंनी माझा हात धरला आणि सकाळपर्यंत सोडला नाही.
दुपारपासून लातूरकडच्या बातम्या यायल्यात. लिहवत नाही.

३ ऑक्टो.
फोन आज लागला. गेले तीन दिवस हे लावतच होते. "ताई, भिंतीला तडा-बिडा?" पुन्हा फ्लॅटवरून. आवाज कापत होता. नंतर बाहेर जाऊन परत लावला. रजा मागितली होती. साहेब म्हणला, आईवडील सुखरूप आहेत ना? बहीण सुखरूप आहे ना? मग?
आज रागाला जागा सापडेना. साहेब त्याच्या हिशेबानं खरंच बोलला.

१६ नोव्हें.
दिवाळीला आले, आज गेले. आले ते झोपलेच. अभ्यंगालाही उठेनात, सासूबाई पाट मांडून बसल्या. गाल बसलेत.
पाडव्याला ओवाळल्यावर खालच्या आवाजात बोलले. मागच्या महिन्यात, दिवसातल्या शेवटच्या फेरीला, ह्यांना विमानात झोप लागली. डोळे उघडले तर रेडिओवर त्यांच्याच विमानाला हाका मारायले होते. डावीकडे बघितलं तर कॅप्टनही झोपलेला. मागं माणसं बसलेली. विमान आपलं सरळ चाललेलं.
"किती वेळ?"
"कुणाला माहीत."
नियमानं पायलटनं किती तास काम करायचं ते ठरलेलं असतं. कंपनी जास्त करून घेते आणि कमी लिहून सही घेते. सही नाही केली तर घरी. आणि मूळ लायसन कंपनीच्या कपाटात, बॉन्ड सुटेपर्यंत. त्याच्याशिवाय दुसरीकडे उभंही करत नाहीत.
म्हणलं, सोडा.
म्हणले, "सोडून काय करू? पुन्हा क्लास?"
मीच त्या वर्षांत त्यांचं तोंड रोज बघितलंय.

१२ डिसें.
फोन नाही.

१९ डिसें.
नाही. चाचांनी चहा दिला, स्टूल आत घेतलं. "लाईन खराब होगी." लाईन चांगली होती. माझ्यासमोर तिघं बोलून गेले.

११ जाने. ९४
हे आले! बहिणीचं लग्न सांगून रजा काढली. म्हणजे माझंच. अंगात ताप, उजवा कान गच्च. सासूबाईही पेडगावहून संक्रांतीला आल्यात. घर भरलं.

१३ जाने.
कान दुखून रात्री तळमळले. इथल्या डॉक्टरांनी बघितलं. म्हणले, आत सूज आहे, असल्या कानानं विमानात बसलात तर पडदा फाटेल. पुरतं बरं होईस्तोवर वर जायचं नाही. पडदा गेला की मेडिकलचा दाखला गेला, दाखला गेला की सगळंच.
ह्यांनी ऐकून घेतलं आणि बॅग भरायला लागले.

१५ जाने.
काल मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. काही गल्ल्यांत गुलाल, काही दारं बंद. पोलीस आलेत, यष्ट्या बंद. शाळेत निम्मीच पोरं. रजा उद्या संपते. हे खिडकीतून स्टँडकडे बघत बसलेत, एका कानावर हात ठेवून.

१७ जाने.
लिहिते.
दुपारी चाचा स्वतः दारात आले. "मुंबईचा फोन, कंपनीतून." रजेच्या अर्जावर ह्यांनी दुकानाचाच नंबर दिलेला. हे गोळी घेऊन झोपलेले. मी गेले.
तिकडून माणूस: माधव कुठाय? म्हणलं ताप आहे, गाड्या बंद आहेत. टॅक्सी करून या म्हणावं, उद्या ड्युटी आहे. म्हणलं, डॉक्टरांनी उडायचं नाही सांगितलंय. म्हणला, औषध आम्ही देऊ. म्हणलं, ते येणार नाहीत. तेव्हा तो हसला. "हे बहिणीनं ठरवायचं नसतं मॅडम. घरात दुसरं कोणी आहे का?"
"मी बहीण नाही. बायको आहे त्यांची. ते येणार नाहीत."
मग त्यानं ठेवला.
चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. फडक्यानं काउंटर पुसत बसले.

त्याच दिवशी
सांगितलं. हे ओरडले असते तर बरं होतं. भिंतीकडे तोंड केलं. सासूबाई म्हणल्या, "कशाला बोललीस माय? पाच वर्षं घरी बसला तवा कोण आलतं इचारायला?" त्यांचंही बरोबर. मी बाहेर ओट्यावर येऊन बसले.

२१ जाने.
गाड्या सुरू. हे गेले. ताप नाही, कान अजून जड. यष्टीत बसल्यावर म्हणलं, फोन करा. मान हलवली. हो का नाही, कळलं नाही.

३० जाने., रवि.
फोन नाही. शाळेत बायांचं हळदीकुंकू झालं, मला नाव घ्यायला लावलं. घेतलं. सगळ्या हसल्या, मीही.

६ फेब्रु., रवि.
आला.
साहेबानं बोलावून विचारलं, खोटं का सांगितलं? ह्यांनी कबूल केलं. राजीनामा द्या म्हणला, बॉन्ड मोडला असं धरू. तेव्हा दारात उभे असलेले फ्लॅटवरचे दोघं आत आले. एक म्हणला, माझंही लग्न झालंय. दुसऱ्याला तर मुलगी आहे, अजून बघितली नाही त्यानं. दोघांची लग्नं ह्यांनाही माहीत नव्हती. एकाच खोलीत झोपायचे.
मग ह्यांनी झोपेचंही सांगितलं. ती रात्र, दोघांचे मिटलेले डोळे, कमी लिहिलेले तास. सगळं.
"कशाला सांगितलंत?"
"एक खोटं गेलंच होतं कुंदा. दुसरं धरून बसवंना."
आता तिघंही खाली. उडणं बंद, लायसन कपाटात. त्या रात्रीच्या कॅप्टननं "मी झोपलो नव्हतो" असं लिहून दिलं. पुढच्या सोमवारी मोठ्या साहेबापुढं उभं राहायचंय. ठेवतील का काढतील, कोणालाच माहीत नाही.
म्हणलं, मी येते. म्हणले, नको, इथं काय करशील? दोनदा नको म्हणले.

१२ फेब्रु., शनि.
हेडसरांकडे रजा मागितली. कारण विचारलं. म्हणलं, मिस्टर मुंबईला विमान कंपनीत आहेत, त्यांच्याकडे जायचंय. सर चष्मा काढून म्हणले, "विमान? बोलला न्हाईत कधी!"
सासूबाईंना जाते म्हणून कळवलं, तर त्यांनी पेडगावहून तीळगूळ पाठवलाय, उरलेला. त्यात माझ्यासाठी वेगळी पुडी आहे.
उद्या पहाटेची गाडी. मुंबई मी बघितलेली नाही. राहायचं कुठं तेही ठरलेलं नाही, कारण फ्लॅटवर बायका चालत नाहीत. परवा परत फोन आला तेव्हा गाडी सांगितली. हे स्टेशनवर येतो म्हणले नाहीत. येऊ नको असंही, या वेळी, म्हणले नाहीत.